मॅडम, ती गाठ आतून गुलाबी होती

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकावं ते मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांच्या समोरच लिहितेय. कुणाच्या तरी हातून ते तुमच्यापर्यंत पोचेल, एवढी आशा आहे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही तासिका तत्त्वावर एकच वर्ष होतात, २०१७-१८. आम्ही तिसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा वेळापत्रकात तुमचं नाव नव्हतं. ऑफिसात विचारलं तर "त्यांचं झालं" एवढंच उत्तर मिळालं. आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.

मी पाथरी तालुक्यातली. नाव सांगून तुम्हाला आठवणार नाही, पण काडेपेटीत अळी घेऊन वर्गात आलेली मुलगी म्हटलं तर आठवेल.

त्या नोव्हेंबरात आमच्या घरी कुणी धड जेवत नव्हतं. चार एकर पऱ्हाटी रानात उभी होती, वरून हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. फुलं उमलायचीच नाहीत, नुसत्या डोमकळ्या. कवडीचा कापूस वेचायला बाया येईनात, कारण दिवसभर वेचून मजुरी सुटत नव्हती. गावात कुणी रोटाव्हेटर घातला, कुणी जनावरं सोडली. अण्णा ओसरीवर बसून एकच विचारायचे, "बीटी म्हून पाकीट घेतलं ना आपण? मंग अळी मेली कामून न्हाई?" दुकानदार हवामानावर ढकलत होता, शेजारी बियाणं बोगस म्हणत होते. आणि मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी! 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू क्राय प्रथिन तयार करतो' हे वाक्य पेपरात लिहून दोन मार्क मिळवले होते, बीटी कापसात याच जिवाणूचं हे अळी मारणारं प्रथिन आणलेलं असतं हेही ठाऊक होतं, पण अण्णांपुढे तोंड उघडता येत नव्हतं.

म्हणून ती काडेपेटी.

तुम्हाला 'हे सिलॅबसमध्ये नाही' म्हणता आलं असतं. तासाला ठरलेले पैसे, तेही कधी मिळतील याचा भरवसा नाही, आणि चार वाजता परभणीची एस.टी. गाठायची. तरी तुम्ही खडू खाली ठेवलात, अळी हातावर घेतलीत आणि वर्गाला विचारलंत, "हिच्या पोटात जाऊन ते प्रथिन नेमकं काय करतं? त्याचा आकार काढा, मग सांगा."

आकार काढा, हे तोवर आमच्या अंगवळणी पडलं होतं. तुम्ही येण्याआधी आम्ही प्रथिनांच्या रचनेच्या पायऱ्या प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक अशा पाढ्यासारख्या म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही पिशवीतून जुन्या टेलिफोनची वेटोळी वायर काढलीत, हेलिक्स म्हणजे प्रथिनाच्या साखळीचं वेटोळं दाखवायला. त्या दिवशीचा पेपर पंख्यासारखा दुमडलात, ती बीटा शीट. मग मण्यांची माळ आली. प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. काहींचं पाण्याशी पटतं, काही पाण्यापासून पळतात. पळणारे आत लपतात, पटणारे बाहेर राहतात, आणि माळ आपली आपण गुंडाळली जाते. 'वाटेल तशी का नाही गुंडाळत?' असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना हात पुढे करून कोपर उलट्या बाजूला वाकवायला लावलंत. वाकेना. "साखळीच्या सांध्यांचंही तसंच आहे," तुम्ही म्हणालात, "अणू अणूवर आदळतो. कुठले कोन चालतात आणि कुठले नाहीत याचा नकाशा १९६३ साली मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी मांडला, आणि आजही जगात कुणी नवी रचना काढली की ती त्याच नकाशावर तपासून बघतात." आपल्या देशातल्या माणसाचं नाव त्या विषयात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आणि ते अंडं! रुमालात गुंडाळून, डब्यात ठेवून, एस.टी.त मांडीवर धरून परभणीहून आणलेलं. परीक्षानळीत मायक्रोकॉकस जिवाणूंचं गढूळ पाणी होतं. तुम्ही त्यात अंड्याचा पांढरा बलक पातळ करून घातलात आणि आम्हाला नळीच्या मागे छापील कागद धरायला सांगितलात. आधी एक अक्षर दिसत नव्हतं. हळूहळू ओळी दिसायला लागल्या. जिवाणू फुटत होते. त्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम हे एन्झाइम त्यांची भिंत कातरत होतं. आपल्या अश्रूंत आणि लाळेतही ते असतं. फ्लेमिंगनं १९२२ मध्येच ते शोधलं होतं, पण ते भिंत कशी कापतं हे कळायला १९६५ उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना काढली. एन्झाइमची अशी रचना त्याआधी कुणीच पाहिलेली नव्हती. १२९ मण्यांची माळ गुंडाळून झालेला गोळा, आणि त्याच्या अंगावर एक लांब खाच. जिवाणूच्या भिंतीतल्या साखरेच्या साखळीची सहा कडी त्या खाचेत बसतात. चौथ्या आणि पाचव्या कडीच्या मधोमध, खाचेच्या दोन काठांवर, पस्तिसावा आणि बावन्नावा मणी समोरासमोर येतात. माळेत ते सतरा घरं लांब, गुंडाळल्यावर शेजारी. कातरीची दोन पाती! तुम्ही हे फळ्यावर काढलंत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पाठांतरानं हे मला कधीच दिसलं नसतं.

तर ती अळी. तुम्ही क्राय प्रथिनाचे तीन भाग काढलेत. १९९१ मध्ये या कुळातल्या एका प्रथिनाची रचना पहिल्यांदा समोर आली, तेव्हा त्यातल्या पहिल्या भागानंच काम सांगून टाकलं होतं. लांब लांब हेलिक्सची जुडी, मध्ये एक आणि भोवती सहा. "पऱ्हाट्यांची मोळी बांधता ना तुम्ही चुलीसाठी? तशीच," असं तुम्ही म्हणालात आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वहीत काढायला लागली. या काड्या पेशीचं आवरण आरपार भेदतील एवढ्या लांब आहेत, म्हणजे हे भोकं पाडणारं प्रथिन असणार. पण भोक कुठं पाडायचं? ते दुसरा भाग बघतो. त्याच्या टोकांना वळसे आहेत आणि ते अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतात, तिसऱ्या भागाचाही त्याला हातभार लागतो. जिवाणू हे प्रथिन स्फटिक करून ठेवतो. अळीचं आतडं अल्कधर्मी, त्यात स्फटिक विरघळतो, तिचीच पाचक एन्झाइमं त्याला छाटून धारदार करतात, मग ते चिकटतं, भोकं पडतात, आतडं फुटतं. आपल्या पोटात आम्ल असतं आणि चिकटायला ती जागाही नसते, म्हणून आपल्याला त्याचं काही होत नाही.

"मग हिला का नाही झालं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, ते आठवून आजही वाईट वाटतं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "किल्ली तीच आहे गं. हिनं कुलूप बदललंय." कॅडहेरिन नावाचं प्रथिन अळीच्या आतड्यात ही कुलपाची जागा पुरवतं. ज्या अळ्यांत ते प्रथिन जन्मतःच अर्धवट, बिघडलेलं होतं, त्यांना क्राय१एसी, म्हणजे बीटी कापसातलं पहिलं क्राय प्रथिन, चिकटूच शकलं नाही. त्या जगल्या, त्यांची पिल्लं जगली. पुढं दुसरं प्रथिन जोडलेलं वाण आलं, तर त्यालाही दुसऱ्या वाटेनं तेच झालं. मग तुम्ही विचारलंत, "पाकिटासोबत नॉन-बीटीचं छोटं पाकीट येतं, त्याचं घरी काय करता?" वर्गात कुणी बोललं नाही. आम्ही ते फेकून द्यायचो. आमच्याकडे सगळेच फेकायचे. बांधाकडेच्या त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा बदललेल्यांशी संकर होत राहावा आणि कुलूप बदललेली जात वरचढ होऊ नये, यासाठी ते पाकीट होतं, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. फरदडीचंही तसंच. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते, आणि आम्ही मार्चपर्यंत पऱ्हाटी रानात ठेवून तिला वर्षभराचं जेवण घालत होतो.

त्या रात्री मी अण्णांना सगळं सांगितलं. चुलीजवळची पऱ्हाट्यांची मोळी हातात घेऊनच सांगितलं. ते किती वेळ काही बोलले नाहीत. गेलेलं पीक काही परत येणार नव्हतं. पण 'बोगस' हा शब्द त्या दिवसानंतर आमच्या घरात थांबला, आणि आपल्याला कुणीतरी फसवलं हे जे त्यांना आतून खात होतं, तेही कमी झालं. पुढच्या खरिपात त्यांनी छोटं पाकीट बांधाकडेनं लावलं. डिसेंबर सरायच्या आत पऱ्हाटी उपटली. मॅडम, यासाठी तुमचे आभार मी कसे मानू?

आता मी परभणीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नीटची मुलं आहेत, पर्याय घटाघट पाठ करतात. २०२२ पासून अल्फाफोल्ड या एआय प्रणालीच्या जोरावर वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या अंदाजे रचना कुणालाही मोफत बघता येतात, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटाही या कामाला मिळाला. प्रयोगानं काढलेल्या प्रथिन-रचनांचं जगातलं भांडार १९७१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात फक्त सात रचना होत्या! तुम्ही खडूनं जे काढायचात, ते माझी मुलं मोबाइलवर बोटानं गरागरा फिरवतात. तेव्हा मी त्यांना तुमचंच वाक्य सांगते, की आकार दिसला म्हणजे कामाचा माग लागला, चोर अजून पकडायचाय. माग काढून झाल्यावर प्रयोग करावाच लागतो.

गेल्या महिन्यात मी अकरावीच्या मुलांना आमच्या रानात नेलं, कारण तुम्ही आम्हाला कॉलेजामागच्या शेतात नेलं होतं. सोयाबीनचं झाड मुळासकट अलगद उपटलं, माती झाडली, आणि एकेकीला मुळावरची एकेक गाठ नखानं फोडायला सांगितली. आतून गुलाबी, जवळजवळ रक्तासारखी. त्या वर्षी माझ्या नखाला लागलेला तो रंग मी घरी जाईपर्यंत धुतला नव्हता. गाठीत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. ते काम करणाऱ्या नायट्रोजिनेजच्या गाभ्यात लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम यांचा एक गुच्छ असतो, आणि ऑक्सिजन लागला की हे एन्झाइम निकामी होतं. पण जिवाणूला श्वासासाठी तर ऑक्सिजन हवाच. ही पंचाईत झाड सोडवतं. ते लेगहिमोग्लोबिन बनवतं, जे ऑक्सिजन घट्ट धरून नेतं आणि मोकळा फिरू देत नाही. हा गुलाबी रंग त्याचाच. आपल्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनशी त्याच्या मण्यांचा क्रम फारसा जुळत नाही, पण घडी तीच, आणि घडीच्या खिशात तेच लोह. सोयाबीनचं मूळ आणि माणसाचा दंड! मुलं स्वतःच्या दंडाकडे बघत उभी राहिली. आम्हीही तशीच उभी राहिलो होतो.

परतताना अण्णा खालच्या चिबडलेल्या तुकड्यातनं एक झाड उपटून घेऊन आले. तिथं आठवडाभर पाणी साचलं होतं आणि पानं पिवळी पडली होती. त्यांनी स्वतः गाठ फोडली, माझ्यापुढं धरली. आतून पांढरी. "ही कामून अशी?"

मी सांगितलं, की मुळाशी पाणी भरलं, हवाच शिरेना, तर ते लाल प्रथिन धरणार काय आणि नेणार काय. गाठीचं काम थांबलं. अण्णांनी वरच्या तुकड्यातली गाठ फोडली, दोन्ही तळहातावर शेजारी ठेवल्या आणि मुलांनी बघावं म्हणून हात तसाच पुढे धरला. मग मला विचारलं, "ह्ये त्या अळीवाल्या मॅडमनी शिकवलं का?"

मी हो म्हटलं.

"मंग त्यान्ला एकदा घरी बोलीव."

म्हणून हे पत्र, मॅडम. जिथं असाल तिथून या. पाणी ओसरलंय, रस्ता चांगला आहे, आणि वरच्या तुकड्यातलं सोयाबीन अजून काढलेलं नाही.

तुमची विद्यार्थिनी,
बी.एस्सी. द्वितीय वर्ष (२०१७-१८), खिडकीजवळचा तिसरा बाक