पाणंदी गिळू नका, त्याच आपल्या सायकलच्या वाटा आहेत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी गेलो होतो. लहानपणी आजोबांच्या बैलगाडीत बसून ज्या पाणंदीनं मळ्याकडं जायचो ती पाणंद निम्म्यातच संपलेली, पुढं थेट ऊस. दोन्ही बाजूचे बांध दरवर्षी फावडंभर सरकत सरकत मधोमध येऊन भेटलेत. भावकीतलंच प्रकरण आहे, नावं घेत नाही. पण त्याच्या पंधराच दिवस आधी मी फ्रान्सच्या खेड्यापाड्यात अशाच पाणंदींवरनं सहा दिवस सायकल मारून आलो होतो, त्यामुळं जरा जास्तच लागलं मनाला.

तिथं चालवली ती ग्रॅव्हल बाइक, आपल्याकडं अजून बऱ्याच जणांना ती माहीत नाही म्हणून सांगतो. दिसायला रेसिंग सायकलसारखीच, हँडल खाली वळलेलं, पण टायर चांगले ४० मिलीमीटरच्या आसपास जाड, गिअर चढाला हलके, डिस्क ब्रेक. हवा जरा कमी ठेवायची म्हणजे मुरमावर, खडीवर चाक उड्या मारत नाही, दगड गिळत जातं. डांबरीवर पण पळते आणि रानात पण जाते.

आम्ही तिघं बर्गंडी भागात गेलो होतो. पॅरिसवरनं दिजाँ शहरापर्यंत रेल्वे, तिथनं दक्षिणेला द्राक्षाच्या मळ्यांतनं बोन गावापर्यंत पहिला दिवस. पांढऱ्या चुनखडीची वाट, दोन्ही बाजूला कमरेएवढ्या वेली, आणि वेलीची अख्खी ओळ पायांमधे घेऊन चालणारे उंच ट्रॅक्टर. तोडणीचा हंगाम होता, माणसं वाकून हातानं घड काढत होती. तिथं वावराच्या एकेका तुकड्याला शेकडो वर्षांपासून वेगळं नाव आहे, जसं आपल्यात थोरली पट्टी, माळाचं, ओढ्याकडचं म्हणतात तसंच, त्याला ते क्लिमा म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्यातल्या नामांकित तुकड्यांचं नाव तर थेट बाटलीवर छापतात. वावराच्या नावाला एवढा मान बघून मला आमचे आजोबा आठवले, त्यांना प्रत्येक तुकड्याचं नाव तोंडपाठ होतं, माझ्या पोराला एकही माहीत नाही.

खालच्या अंगाला जिव्री ते क्लुनी असा ४४ किलोमीटरचा रस्ता आहे, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ साली केलेला, फक्त सायकल आणि चालणाऱ्यांसाठी. त्यांच्या देशातला या प्रकारचा हा पहिलाच. क्लुनीचा मठ सन ९१० मधला, आता थोडाच उरलाय पण जेवढा आहे तेवढ्यावरनं पण मूळचा केवढा असेल ते कळतं. तिथनं वर मॉर्वाँच्या जंगलात शिरलो आणि सगळं बदललं, चुनखडी संपली, ग्रॅनाइट आला, सूचिपर्णी झाडांची गर्द सावली, कडेला रचलेले ओंडके आणि चिखल. चढ अंगावर येतात हो, आपल्या गगनबावड्याच्या घाटाची सवय होती म्हणून निभावलं. जंगलरस्त्याच्या तोंडाला आडवा बार असतो, गाडी जाऊ शकत नाही, सायकल बाजूनं निघते. रानवाटांवर मोटारी घालायला १९९१ च्या कायद्यानं चाप लावलाय. तीन तास फक्त पक्षी आणि आपल्या साखळीचा आवाज.

गावं म्हणाल तर दगडी, अरुंद बोळांची, काही ठिकाणी वेशीचे दरवाजे अजून शाबूत. शेवटच्या दिवशी वेझलेला पोहोचलो, टेकडीवरचं गाव, वर बाराव्या शतकातलं चर्च. तिथनं पार स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत यात्रेकरू पायी निघतात आणि वाटेवर शिंपल्याची खूण असते. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठ्या घेऊन चालत जाणारी आपली माणसं डोळ्यासमोर आली. एक कामाची गोष्ट सांगतो, जाणार असाल तर दुपारी बारा ते दोन दुकानं बंद असतात, खाणं आधीच घेऊन ठेवायचं, आणि पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत बहुतेक वेळा नळ असतो, पाटी वाचून बाटली भरायची.

आता मुद्द्याचं. एवढ्या वाटा शिल्लक राहिल्या कशा, तर त्या आपोआप राहिल्या नाहीत. त्यांच्याकडची शेतवाट गावच्या मालकीची असते आणि सगळ्यांना खुली असते. १९८३ च्या कायद्यानं आपल्या जिल्हा परिषदेसारख्या त्यांच्या संस्थेला भटकंतीच्या वाटांची यादी करायला लावली. यादीतली वाट गावाला विकायची झाली तर तोडीस तोड दुसरी वाट आधी द्यावी लागते, साखळी तुटू द्यायची नाही. त्याच वाटेनं सकाळी ट्रॅक्टर जातो, दुपारी आमच्यासारखे जातात, कोणाचं कोणाला अडत नाही.

आपल्याकडं कायदा नाही असं थोडंच आहे. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते, गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ. अडवलेली वाट मोकळी करायचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं तहसीलदाराला दिलाय. २०२१ ला मातोश्री पाणंद रस्ते योजना पण आली. पण पाणंद अडल्यावर अर्ज करणारा शेतकरी एकटा पडतो, आणि ज्यानं अडवलीय तो शेजारी, उद्या पाण्याच्या पाळीला त्याच्याच तोंडाकडं बघायचं असतं.

शेतकऱ्याला पावसात चिखल नको, ऊस बाहेर काढायचा असतो, हे मला कळतं, मी पण शेतकऱ्याचाच पोरगा आहे. म्हणून पाणंद कच्चीच ठेवा असं म्हणत नाही. बाजूला गटर काढा, खडी मुरूम दाबून घाला, सगळीकडं काँक्रीटच पाहिजे असं नाही. आणि तिच्या तोंडाला एक साधी पाटी लावा, गावाचं नाव आणि किलोमीटर. नरसोबाच्या वाडीवरनं खिद्रापूरच्या कोपेश्वरापर्यंत पाणंदी जोडल्या तर नदीकाठानं उसातनं सपाटीवर जायला घरातली पोरंसुद्धा तयार होतील, वाटेत गुऱ्हाळावर काकवी, देवळाशी एखाद्या घरात भाकरी-पिठलं. पन्हाळा, मसाई पठार ते पावनखिंड ही १६६० ची वाट तर दर पावसाळ्यात हजारो माणसं चालतात, सायकलवाल्यांनी मात्र तिथं पठारावर फुलं असताना वाट सोडून एक फूट पण बाहेर जायचं नाही, आणि राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, तिथं गवा आधी.

ग्रामपंचायतींना, जिल्हा परिषदेला आणि शहरातल्या सायकल ग्रुपवाल्यांना आपल्या पेपरमधनं एवढंच कळवा की आधी आपापल्या गावच्या पाणंदी मोजा आणि यादी करा. मी आमच्या गावच्या नकाशाच्या नकलेसाठी अर्ज दिलाय. नक्कल हातात आली की रविवारी टेप घेऊन आजोबांची पाणंद मोजायला जाणार आहे, भावकीतल्यांना पण बोलावलंय, एक जण येतो म्हणालाय.

आपला,
एक सायकलवाला वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर