बाळाच्या नाळेतल्या रक्ताबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

माझी तब्येत चांगली आहे. परवाच्या सोनोग्राफीत सगळं व्यवस्थित निघालं, बाळाचं वजनही छान भरतंय. संध्याकाळी पाय सुजतात, पण रक्तदाब ठीक आहे, तेव्हा आईने काळजी करू नये.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत साठवून ठेवा, सगळा खर्च मी करतो, आजोबांची पहिली भेट समजा. मी तेव्हा "बघते" एवढंच म्हटलं. त्यानंतर हृषीकेशने आणि मी बरंच वाचलं, इथल्या डॉक्टरांशी सविस्तर बोललो आणि आमचं ठरलं. ते रक्त आम्ही खासगी बँकेत ठेवणार नाही. जमलं तर दान करू. इतक्या मायेने देऊ केलेली गोष्ट नको म्हणायची तर कारणही नीट सांगायला हवं, आणि फोनवर ते जमत नाही. शिवाय या दानासाठी तुमच्याकडून एक जुनी माहिती हवी आहे, तेही लिहिते.

त्या रक्ताच्या ताकदीबद्दल तुम्हाला कुणी खोटं सांगितलेलं नाही. बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त राहतं, त्यात नवीन रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, असतात तशाच. पूर्वी हे रक्त वारेबरोबर सरळ टाकून देत. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (अंगात रक्त बनणंच मंदावत जाणारा आजार) झालेल्या एका लहान मुलाला त्याच्या बहिणीच्या जन्माच्या वेळी काढून ठेवलेलं नाळेतलं रक्त दिलं. त्या पेशी त्याच्या अंगात रुजल्या, रक्त बनवू लागल्या आणि तो वाचला. तेव्हापासून जगभरात हजारो रुग्णांना असं रक्त दिलं गेलंय. ब्लड कॅन्सर झालेली मुलं, थॅलेसेमियाची मुलं, प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेली बाळं, सगळे त्यात आले.

पण त्या पहिल्या मुलाला दिलेलं रक्त बहिणीचं होतं, हे माझ्या मनात घर करून बसलंय. त्याचं स्वतःचं नाळेतलं रक्त कुणी जपून ठेवलं असतं, तरी त्याला त्याचा उपयोग नव्हता, कारण फॅन्कोनी अ‍ॅनिमिया जन्मजात जनुकांतून येतो आणि तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो. थॅलेसेमियाचं तसंच, सिकलसेलचं तसंच. कीड बियाण्यातच असेल तर तेच बियाणं राखून पुन्हा पेरून काय उगवणार? ताईने पाठवलेल्या माहितीपत्रकात "ऐंशीहून अधिक आजारांवर उपचार" असं मोठ्या अक्षरात छापलंय. आजारांची यादी खरी आहे. पण त्यातल्या बहुतेक आजारांत रुग्णाला दुसऱ्या कुणाचं तरी रक्त द्यावं लागतं, हे त्या पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही.

ब्लड कॅन्सरचं मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, निदान तिथे तरी स्वतःचं निरोगी रक्त कामी येईल. डॉक्टरांनी समजावलं की लहान मुलांच्या ल्युकेमियात पेशींतला पहिला बिघाड पुष्कळदा मूल पोटात असतानाच झालेला असतो. म्हणजे आजार चार-पाच वर्षांनी दिसला, तरी त्याचं मूळ नाळेतल्या रक्तातही असू शकतं. दुसरं असं की परक्याच्या पेशी दिल्या, तर त्या शरीरात लपून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींना परकं म्हणून ओळखतात आणि मारतात. स्वतःच्या पेशी हे काम करत नाहीत. म्हणून अशा मुलाला डॉक्टर सहसा दात्याच्याच पेशी देतात.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये हेच सांगितलं: पुढेमागे स्वतःला लागेल म्हणून खासगी बँकेत ठेवण्यापेक्षा सार्वजनिक बँकेला दान करा. आपल्याकडे आयसीएमआरचंही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचंही) मत असंच आहे की भविष्यात स्वतःसाठी म्हणून हे रक्त जपून ठेवायला वैज्ञानिक आधार नाही. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर तुम्हाला वाटेल की परदेशात राहून मुलीची मतं बदलली. खासगी साठवणीला दोघांनीही एक अपवाद सांगितलाय. घरात आधीच एखादं मूल अशा आजाराने आजारी असेल, तर धाकट्या भावंडाचं रक्त त्याच्यासाठी जरूर राखून ठेवावं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि जुळलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. आपल्या घरी, देवाच्या कृपेने, तशी वेळ नाही.

ताईने ऑटिझमचंही विचारलं होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ऑटिझम असलेल्या मुलांना नाळेतलं रक्त देऊन मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्यांना ते रक्त दिलं आणि ज्यांना दिलं नाही, त्यांच्या सामाजिक वागण्या-बोलण्यात ठोस फरक दिसला नाही. संशोधन चालू राहील, राहावंही. पण आई-वडिलांच्या भीतीला आज कुणी त्याचं नाव घेऊन हात घालत असेल, तर मला ते अजिबात पटत नाही. बाळाची वाट पाहणाऱ्या माणसाला "उद्या काही झालं तर?" असं विचारलं की तो पैसे काढणारच. बाबा, तुम्हीही त्याच काळजीपोटी म्हणालात, हे मला कळतं.

मग दान का करायचं? रक्त देताना रक्तगट जुळवतात, तशा मूळपेशी देताना एचएलए नावाच्या खुणा जुळवाव्या लागतात. त्या वंशपरंपरेने येतात, त्यामुळे आपल्या रक्ताशी जुळणारा माणूस बहुधा आपल्यासारख्याच मुळांच्या लोकांत सापडतो. आणि जगभरच्या दात्यांच्या नोंदींत युरोपीय वंशाची माणसं फार, आपली फार कमी. डॉक्टर म्हणाल्या, भारतीय वंशाच्या मुलासाठी दाता शोधायला बसलो की यादी लवकर संपते. ते ऐकल्यापासून मला दुसरा विचारच सुचला नाही. नाळेतल्या पेशी अजून कोवळ्या असतात, त्यामुळे खुणा सगळ्याच्या सगळ्या जुळल्या नाहीत तरी चालून जातं, सहापैकी चार जुळल्या तरी हे रक्त दिलं गेलंय. म्हणजे बोन मॅरोचा दाता मिळत नाही, अशा मुलाला हे रक्त मिळू शकतं. आपल्या बाळाच्या रक्ताची पिशवी सार्वजनिक बँकेत गेली की ती जगातल्या कुठल्याही डॉक्टरला शोधता येते. कुणाला दिली ते आपल्याला कळणार नाही. ती आपल्यासाठी राखूनही ठेवत नाहीत. आणि उद्या आपल्याच बाळाला गरज पडली, तर त्यालाही असंच कुणीतरी दान केलेलं रक्त लागेल. तेव्हा तिथे पिशव्या असायला हव्यात ना?

आई, तू विचारशील की यात बाळाच्या वाट्याचं रक्त तर जात नाही ना. सगळ्यात जास्त मी हेच विचारलं. बाळ बाहेर आल्यावरही थोडा वेळ नाळेतून त्याला रक्त मिळत असतं. नाळ लगेच न बांधता निदान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. तेवढ्यात बाळाकडे जे रक्त जातं, त्यातलं लोह त्याला पुढचे काही महिने पुरतं. थांबलं की पिशवीत कमी रक्त येतं हे उघड आहे. आम्ही डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंय, आधी बाळाचं पूर्ण होऊ द्या, मग जे उरेल ते घ्या. त्यांनी माझ्या फाइलवर तसं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. ऐनवेळी काही अडचण आली, सिझेरियनची घाई झाली, तर रक्त घ्यायचं राहिलं तरी चालेल, हेही लिहिलंय.

प्रत्यक्ष घेताना मला किंवा बाळाला काही टोचत नाहीत. नाळ कापून बाळ माझ्याकडे दिलं की वारेकडे राहिलेल्या नाळेच्या टोकावर जंतुनाशक लावतात, नाळेतल्या शिरेत सुई घालतात आणि पिशवी खाली धरतात. रक्त आपल्या ओघाने उतरतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून द्रव आधीच भरलेला असतो. काही मिनिटांचं काम. मग ते प्रयोगशाळेत जातं, तिथे पेशी मोजतात, लाल पेशी आणि पाण्यासारखा भाग बराचसा काढून टाकतात आणि मूळपेशी हळूहळू थंड करत द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. पुष्कळ पिशव्यांत पेशी कमी भरतात म्हणून त्या साठवत नाहीत, संशोधनासाठी देतात. आपलीही तशीच जाऊ शकते, आणि मला त्याचंही वाईट वाटणार नाही. एका पिशवीतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. त्यावर उपाय म्हणून त्या प्रयोगशाळेत वाढवून देण्याची एक पद्धत अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली, तीही असंच संशोधन करत करत.

आता बाबा, तुमच्याकडे काम आहे. दानाचा अर्ज बाळंतपणाच्या बराच आधी भरावा लागतो. माझ्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी होईल, त्याचं काही नाही. पण अर्जात बाळाच्या आजी-आजोबांचंही विचारलंय: कुणाला रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, कुणाचं पित्ताशय तरुणपणीच काढलंय का, कुणाची प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, जुन्या लाल पेशी मोडणारा अवयव) काढलीय का. लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार घरात असेल तर त्याच्या खुणा अशा दिसतात. पेशी फुटून फुटून पित्ताशयात लहान वयातच खडे होतात, प्लीहा मोठी होते. तसं असेल तर आपल्या रक्ताबरोबर तो दोषही त्या आजारी मुलाला जाऊ शकतो, म्हणून हे प्रश्न.

तुमची प्लीहा लग्नाआधी काढली होती ना? तुमच्या पोटावरचा तो व्रण मी लहानपणापासून बघतेय. आजी म्हणायची, सायकलवरून पडल्यामुळे ऑपरेशन करावं लागलं. आत्या मात्र एकदा म्हणाली होती की तुमचे डोळे अधूनमधून पिवळे व्हायचे, म्हणून काढली. यातलं खरं काय? मार लागून काढली असेल तर अर्जाला काहीच अडचण नाही. काविळीमुळे काढली असेल तर मला ते इथे सांगावंच लागेल, आणि बहुधा आपलं दान घेणार नाहीत. त्यांनी घेतलं नाही तरी खासगी बँकेत ठेवायचं नाही, हे पक्कं आहे. उलट त्या परिस्थितीत माझी आणि बाळाची तपासणी करून घेणं जास्त गरजेचं ठरेल. म्हणजे तुमच्या उत्तराचा बाळाला दोन्हीकडून उपयोगच आहे.

ऑपरेशनचा जुना कागद माळ्यावरच्या लोखंडी पेटीत असला तर त्याचा फोटो काढून ताईला पाठवायला सांगा. नसला तर आत्याला फोन करा, तिला सगळं आठवतं. आणि एक, कागद मिळो न मिळो, तुम्ही एकदा हिमोग्लोबिनची आणि रक्ताची साधी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की प्लीहा काढलेली आहे. प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतुसंसर्ग पटकन गंभीर होतात, त्यासाठी न्यूमोनियाची लस घ्यावी लागते. तुम्ही ती घेतलीय असं मला आठवत नाही. भेटीसाठी जे पैसे बाजूला काढलेत, त्यातून आधी हे करा. मला खरंच तेच हवंय.

अर्ज या महिनाअखेर द्यायचा आहे, तेव्हा चार-आठ दिवसांत कळवा.

तुमची,
मनू