सिनेमा रद्द करा, पण बैलगाडीवाल्याचाही हिशेब करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या न झालेल्या सिनेमांवरचा लेख वाचला. युनिव्हर्सल स्टुडिओने मार्च २०११ मध्ये दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोचा 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' कॅमेरा लागण्याआधीच थांबवला, याला लेखकाने चक्क भित्रेपणा ठरवलंय. मला ते पटलं नाही.

जरा आकडा बघा. बजेट सुमारे १५ कोटी डॉलर. अंटार्क्टिकाच्या बर्फात घडणारी भयकथा, प्रेमप्रकरण नाही, शेवट गोड नाही. त्यात दिग्दर्शक अडून बसलेला की 'आर' प्रमाणपत्राचाच सिनेमा करणार. म्हणजे सतरा वर्षांखालच्या पोरांनी घरातलं मोठं माणूस सोबत आणल्याशिवाय थेटरात यायचं नाही. आणि असले सिनेमे बघतं कोण, तर हीच पोरं! जेम्स कॅमेरॉन निर्माता होता, टॉम क्रूझशी बोलणी चालू होती, तरी स्टुडिओ नाही म्हणाला. ज्याचे पैसे जाणार त्याला नाही म्हणायचा हक्क आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिस्नेने वाढत्या खर्चामुळे 'द लोन रेंजर' थांबवला होता. मग बजेटला थोडी कात्री लावून पुन्हा उभा केला, २०१३ मध्ये लावला आणि १५ कोटी डॉलरच्या वर खोट खाल्ली. थांबवला होता तोच बरा होता. देल तोरोचंही काही अडलं नाही. पुढे त्याने सुमारे दोन कोटी डॉलरमध्ये 'द शेप ऑफ वॉटर' केला आणि २०१८ मध्ये ऑस्कर नेलं.

तेव्हा सिनेमा रद्द करण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कसा रद्द होतो, याबद्दल आहे. आणि लेखात त्याविषयी एक ओळही नाही.

मी वाईत राहतो आणि शूटिंगला लागणारी माणसं, जागा, जनावरं जमवून देण्याचं काम करतो. आमच्या भागाला हा धंदा नवा नाही. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली. 'गंगाजल'चा बिहार आणि 'दबंग'चा उत्तर प्रदेशही आमच्याच गल्ल्यांतून उभा राहिला. एक मोठं युनिट आलं की लॉजवाला, वडापाववाला, जनरेटरवाला, गर्दीत उभं राहणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हातात चार पैसे पडतात. (दर दुप्पट सांगून युनिटला भोरच्या रस्त्याला लावणारे शहाणेही आमच्यात आहेत. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.)

पण कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी रेकी येते, म्हणजे शूटिंगसाठी जागा बघणारी मंडळी. आर्ट डायरेक्टर वाड्याच्या भिंतीवरून हात फिरवतो आणि मालकाला बजावतो, "काका, रंग लावू नका हं, हा पोपडा असाच पाहिजे." दिवाळीचा रंग राहतो. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो, तारखा धरून ठेवा. लॉजवाला लग्नाचं वऱ्हाड परत पाठवतो. कागद नाही, पैसा नाही, सगळं तोंडी आणि फोनवर.

एका मोठ्या स्टुडिओच्या ऐतिहासिक सिनेमाच्या वेळी पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा ऊस पसंत पडला. दोन फडांच्या मधल्या पाणंदीतून घोडे पळताना दाखवायचे होते. त्याला सांगितलं, शूटिंग होईपर्यंत तोडू नका. कारखान्याची टोळी शिवारात आली, त्याने आपली तोडीच्या पाळीची चिठ्ठी पुढच्याला देऊन टाकली. नंतर कळलं की हिरो नवा, खर्च अवाढव्य, म्हणून मुंबईत वरच्या लोकांनी सिनेमाच गुंडाळला. कळलं तेसुद्धा दुसऱ्या युनिटच्या ड्रायव्हरकडून. रद्द झाला असं आम्हाला कुणी सांगितलं नाही, फक्त फोन उचलायचे बंद झाले. तोवर उसाला तुरा आलेला. टोळी परत मिळेपर्यंत पाचट वाळलं, वजन घटलं. आठ दिवस आधी एक फोन आला असता तर त्याचा ऊस वेळेत गेला असता.

आता हॉलिवूडचीच दुसरी बाजू सांगतो. तिथे बड्या लोकांच्या करारात एक कलम असतं: सिनेमा होवो न होवो, ठरलेले पैसे द्यायचेच. १९९८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने 'सुपरमॅन लिव्ह्ज' शूटिंगआधी थांबवला तेव्हा सुमारे तीन कोटी डॉलर खर्ची पडले होते, आणि हिरो निकोलस केज व दिग्दर्शक टिम बर्टन या दोघांच्याही करारात हे कलम होतं. त्यात गैर काही नाही. त्यांनी तारखा दिल्या, दुसरी कामं सोडली, त्याचं मोल घेतलं. तारखा आमचा बैलगाडीवालाही देतोच की. मंगल कार्यालय ठरवताना इसार द्यावा लागतो आणि लग्न मोडलं तर तो बुडतो, यावर आजवर कुणी भांडलेलं नाही. मग वाडा, शेत, लॉज आणि जनावरं यांना तोच नियम का नको?

यावर ठरलेलं उत्तर येतं की असल्या अटी घातल्या तर वेगळे, धाडसी सिनेमे करायला कुणी धजणार नाही. सगळ्या गावाचा इसार एका व्हॅनिटी व्हॅनच्या भाड्याइतका तरी होईल का, शंका आहे. तेवढ्याने ज्याचं धाडस मोडतं, त्याने रेकीलाही येऊ नये.

राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्या आता चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून मिळतात. त्याच अर्जात दोन रकाने वाढवता येतील: स्थानिक कुणाकुणाच्या तारखा धरल्या आहेत आणि त्यांना इसार किती दिला. सिनेमा बारगळला तर अमुक दिवसांत लेखी कळवायचं, अशी अटही त्यातच घालावी. आपल्या मुंबईच्या प्रतिनिधीने महामंडळाला एवढं विचारून उत्तर छापावं, ही विनंती. ऊसतोड सुरू व्हायच्या आत छापलं तर जास्त बरं.

आपला,
एक वाचक
वाई, जि. सातारा