‘घ्यावा’ म्हणजे नक्की काय?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रणालीच्या मराठी माहितीपुस्तिकेत ‘फाइल’ लिहायचं की ‘फाईल’, यावरून मंडळींची पुन्हा जुंपलीय, असं तू लिहिलंस. माझ्या मते कुठलंही एक घ्या, पण शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. पुस्तिका कुणी सलग वाचत नाही. अडलं की शब्द टाकून शोधतात, आणि रूप वेगळं असलं की हवं ते पान सापडतच नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’चा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र बहुधा एकच हाती लागतं.

सरसकट बदल मात्र कुणाला करू देऊ नकोस. ‘गति’चं ‘गती’ करायला गेलं की ‘गतिमापक’चाही ‘गतीमापक’ होतो. कमांड आणि सेटिंगच्या नावांना तर हातच नको. एचटीटीपीतल्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नियमांतल्या, ‘रेफरर’ या नावात इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळलेला आहे. १९९६ सालच्या आरएफसी क्रमांक १९४५मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ते तसंच आलं आणि आजही तसंच आहे, कारण ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी त्याच नावाने बोलतात.

पण खरा जीव अडकलाय तो ‘-वा, -वी, -वे’मध्ये. ‘बदलापूर्वी बॅकअप घ्यावा.’ हा सल्ला की अट? घाईतला माणूस सल्ला समजून पुढे जाईल आणि त्याचा डेटा जाईल. इंग्रजीत १९९७च्या आरएफसी २११९ने ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे अर्थ बांधून दिले. पुढे २०१७मध्ये आरएफसी ८१७४ने स्पष्ट केलं, की कॅपिटलमध्ये असतील तरच हे खास अर्थ लागू. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे आपल्याला शब्दच पक्के करावे लागणार. मी सुचवतो: अट असेल तिथे ‘घेणे बंधनकारक आहे’, शिफारस असेल तिथे ‘शक्यतो घ्यावा’ आणि मुभा असेल तिथे ‘घेता येईल’. नुसता ‘घ्यावा’ कुठेच नको. भाषा थोडी सरकारी वाटेल, वाटू दे.

वेलांट्यांचा वाद तू आवर. इन्स्टॉलेशनच्या प्रकरणातली ‘-वा, -वी, -वे’ची वाक्यं मी वेगळी काढतोय. प्रत्येकापुढे अट, शिफारस की मुभा ते तू लिही, कारण ती प्रणाली तू चालवतोस. शंका असेल तिथे कोरं सोड, आपण फोनवर बोलू.

तुझाच,
मित्र