अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर

कील, जर्मनी

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिंडोरीकडची द्राक्षांची गोडी छाटणी उरकली का? पाऊस लांबला म्हणून काळजी वाटते.

फोनवर तुम्ही विचारलंत, "ज्याला मेंदूच नाही, त्या जिवाकडून मेंदूचं काय शिकणार?" प्रश्न मनात राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ज्याचा अभ्यास करते तो हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला जेमतेम सेंटीमीटरभराचा जीव. मेंदू नाही, पण अंगभर चेतापेशींचं जाळं असतं. त्यातल्या पेशी कायमच्या नसतात. मधल्या भागात मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यातून दुसऱ्या पेशी घडतात त्यांच्यापासून, नव्या तयार होत राहतात, जुन्या दोन्ही टोकांकडे सरकून गळून जातात. तरी जाळं दाट होत नाही की विरळ होत नाही. हा हिशेब ठेवतं कोण? माझं सगळं काम याच प्रश्नावर आहे.

उत्तराचा एक भाग जपानमधल्या संशोधकांना सापडला. हिम-३५५ नावाचं एक छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, चेतापेशीच बनवतात. ते मूलपेशींना चेतापेशी व्हायला लावतं. उलट पीडब्ल्यू गटाची पेप्टाइडं त्याच वाटेवर लगाम घालतात आणि ती येतात त्वचेच्या पेशींकडून. २००० साली त्यांनी दाखवलं की दोन्ही एकत्र दिली, की एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. वेलीचा शेंडा बगलफुटी दाबून धरतो, हे तुम्हीच मला बांधावर शिकवलंत. तिथेही हुकूम रसायनांचाच. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की चेतापेशी किती असाव्यात यात साध्या त्वचेचाही शब्द चालतो.

कोल्चिसीन नावाचं रसायन देऊन चेतापेशी पार काढून टाकलेला हायड्राही जगतो. त्याला हातानं भरवावं लागतं, तोंडात खाद्य ढकलावं लागतं. एरवी आर्टेमियाचं, म्हणजे त्याला खाऊ घालतो त्या बारीक कोळंबीसारख्या जिवाचं, पिल्लू नुसतं घासून गेलं तरी हायड्राचे तोंडाभोवतीचे हात लगेच आवळतात. याचे मात्र ढिम्म हलत नाहीत. पण अंगावर कळी धरतो, पिल्लू होतं!

पुण्यात आघारकर संस्थेतही हायड्रावर बरंच काम झालंय. बंटीला सांगा, संथ स्वच्छ पाण्यातलं शेवाळ काचेच्या बरणीत ठेवून बघ. काचेला चिकटलेला बारीक धागा टाचणी लागताच आखडून गोळा झाला, तर हायड्रा असेल. बोर्डोच्या फवारणीचं पाणी उतरतं तिथलं मात्र घेऊ नको म्हणावं. बोर्डोतल्या मोरचुदाचं तांबं त्याला अजिबात सोसत नाही.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमन