शेजारच्या टीममधल्या ताईंना थँक्यू!

बीम टेस्टला (कणांच्या झोतात डिटेक्टर तपासताना) मॅग्नेटचा पॉवर सप्लाय बसला आणि अख्खी शिफ्ट पाण्यात, इलेक्ट्रॉनचा स्कॅन (वेगवेगळ्या एनर्जीला मोजमाप) तर सुरूही नव्हता झाला. तुम्ही स्वतःची शिफ्ट संपवून झोपायला जायचं सोडून आमच्याकडे बसलात, प्लॅनवर पेन्सिलने दर १० जीईव्हीचे (जीईव्ही म्हणजे कणांच्या एनर्जीचं एकक) पॉइंट खोडून २०, ४०, ८०, १६० लिहिलंत, कारण एनर्जी चौपट झाली की कॅलोरीमीटरच्या (कणाची एनर्जी मोजणाऱ्या डिटेक्टरच्या) मोजमापातला टक्केवारी फरक साधारण निम्मा होतो, मग जवळजवळचे पॉइंट घेऊन करायचं काय? बीमच्या वाटेत आमच्या आधी असलेल्या टीमने बीम अडवला तरी म्युऑन (जाड अडथळ्यातूनही पार जाणारे कण) आरपार येतातच, कॅलोरीमीटरच्या सेलचं (कप्प्यांचं) कॅलिब्रेशन तेव्हा उरका, हेही तुम्हीच सुचवलंत. वेळेत डेटा मिळाला हो! खूप खूप आभार, आणि ट्रिगरसाठी (डेटा कधी नोंदवायचा ते सांगणाऱ्या सिग्नलसाठी) दिलेली तुमची लेमो केबल कंट्रोल रूममध्ये ठेवलीय, आठवणीने न्या.