मंजे, बालविभागाची खोली जातेय

प्रिय मंजू,

फोनच करणार होते, पण तुझ्याकडे संध्याकाळी सगळे घरात असतात आणि मला हे मधे कोणी न तोडता सांगायचंय, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळे बरे आहेत, आईची शुगर तशीच, गोळ्या चालू. आता ऐक. वाचनालयाच्या मंडळाने बालविभागाची खोली अभ्यासिकेला द्यायचं ठरवलंय. ठराव झाला, अनुमोदन झालं, चहा आला, संपलं. आता फक्त वार्षिक सभेत हात वर व्हायचे बाकी आहेत.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, तुझा पगार तेवढाच राहणार ना, मग काम कमीच झालं की. त्यांना काय बोलणार. ही खोली काय आहे हे तुला सोडून कोणाला कळणार, खिडकीखालची बुटकी रॅक आपण दोघींनी सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतलीय, पोरं जमिनीवर बसली की हात पोचला पाहिजे म्हणून तू स्वतः फरशीवर बसून माप दिलं होतंस.

आणि वर मला सांगतात, मॅडम, बालविभाग बंद कुठे करतोय! बंद करता येतच नाही ना, तपासणीला सरकारी साहेब आले की तो दाखवावा लागतो, वाचनालयाचा वर्ग टिकवायचाय. म्हणून देवघेवीच्या काउंटरशेजारी एक गोदरेजचं कपाट, त्याच्यावर 'बालविभाग' पाटी आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. अगं कुलूपवालं कपाट!

तुला ते भांडण आठवलं असणारच. तू म्हणायचीस पुस्तकं हरवली तर तपासणीत आपली मान अडकेल, कुलूप पाहिजेच, मी म्हणायचे मुलांना मुक्तद्वारच पाहिजे, पुस्तक आपल्या हाताने काढता आलं पाहिजे. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाचही सिद्धांत परीक्षेत धडाधड लिहून आलीस आणि 'ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत' या पहिल्यालाच टाळं लावतेस, असं मी म्हणाले आणि तू डबा उचलून सरळ नानांच्या स्टुलाशेजारी जाऊन जेवलीस. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं, राग मानू नको. पण पुस्तकांना लावलेल्या रंगीत पट्ट्या तुझ्या, त्या अजून आहेत. पिवळी पट्टी संपवून हिरवीवर गेलेलं पोरगं काय ऐटीत चालतं ते तू बघायला पाहिजे होतंस.

हां, ओंकारचं सांगायचं राहिलं, सुमनताईंचा नातू. त्याला आपलं गुप्त पान सापडलं! सगळी पुस्तकं उलटून बघितली, सगळ्यांच्या 37व्या पानावर शिक्का आणि दाखल नंबर. माझ्याजवळ येऊन कानात म्हणतो, मॅडम मी कुणाला सांगणार नाही, पण ज्या पुस्तकाला 37 पानंच नसतील त्याचं काय करता? तुझी आठवण आली, तू हाच प्रश्न सरांना भर वर्गात विचारला होतास.

तर माझं म्हणणं असं आहे की कपाटातून पुस्तक फक्त सभासदाला मिळणार. कार्ड दाखव, पुस्तक घे, जा. आणि जी पोरं सभासदच नाहीत त्यांचं काय? अनामत भरायला पैसे नाहीत, जामीन राहायला ओळखीचं कोणी नाही, अशी पोरं आपल्याकडे येऊन बसूनच वाचतात ना? त्यांचं वाचनालय म्हणजे ती खोली. खोली गेली की त्यांच्यापुरतं वाचनालयच गेलं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या कोप्यांवरची येतात, बीडकडची. त्यातल्या एकीचं तुला सांगितलं होतं का? दोन हंगामांपूर्वी आली, धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वाचायची, त्याला झोप लागली की मांडीवर घेऊन. एप्रिलमध्ये गाव सोडून गेले तेव्हा एक जाड पुस्तक अर्धं राहिलं होतं. आत बिस्किटाच्या पुड्याचा कागद घडी करून ठेवला आणि पुस्तक रॅकच्या अगदी खाली, मागे सारलं. मी बघितलं आणि तसंच राहू दिलं. पुढच्या हंगामाला आली ती मला काही न विचारता तडक रॅककडे, हात घातला, पुस्तक काढलं, कागद होता तिथून पुढे वाचायला लागली. आता ही पोरगी काउंटरवर येऊन माझ्याकडे किल्ली मागेल असं वाटतं तुला? दारातूनच परत जाईल ती. नाव रजिस्टरला नसल्यामुळे ती गेली हेसुद्धा कुठे दिसणार नाही. मला झोप लागत नाही ती यासाठी.

आणि मंजे, अभ्यासिकेच्या अर्जावर पहिली सही कोणाची असेल? सोन्याची. आपला सोन्या गं, जो टेबलाखाली शिरून वाचायचा आणि बंद करायच्या वेळी नाना टेबलाखाली झाडू फिरवून ज्याला बाहेर काढायचे. आता दाढी आलीय, एमपीएससी करतोय. मला म्हणाला, मॅडम, दोन खोल्यांत आम्ही सहा जण, वर टीव्ही, मी कुठे वाचू? त्याच्यावर रागवू तरी कशी? त्यालाही जागा पाहिजेच, ती आपण नाही द्यायची तर कोण देणार. पण लहानांना उठवून का?

अध्यक्षांचं म्हणणं, आता सगळं मोबाईलवर आहे, किशोरचे जुने अंकसुद्धा बालभारतीने फुकट ऑनलाइन ठेवलेत. ठेवलेत ना, चांगलंच केलंय, मीच पोरांना दाखवते. पण घरातला एकुलता एक मोबाईल बापाच्या खिशात असतो आणि बाप रात्री नऊला येतो. पैशाची ओढाताण मात्र खरी आहे हो, ते खोटं बोलत नाहीत. 2022 साली सरकारने अनुदान 60 टक्के वाढवलं तेव्हा मीच पेढे आणले होते, पण हप्ता हातात पडेपर्यंत लाइटबिल थांबत नाही आणि अभ्यासिकेचे पैसे दर महिन्याला रोख येतात.

म्हणून मी मांडणार आहे ते असं. वरचा व्याख्यानमालेचा हॉल वर्षातले थोडे दिवस सोडले तर बंदच असतो, तो अभ्यासिकेला द्या. जिना, संडास, पंखे सगळं आहे. अगदीच नसेल जमत तर खालची खोली शाळा सुटेपर्यंत मोठ्यांना वापरू दे, पाच ते साडेसात पोरांची, पण रॅक हलवायची नाही. 1967 च्या कायद्याने आपण सार्वजनिक ग्रंथालय आहोत, नुसतं सभासदांचं नाही, हे पण बोलणार आहे. सोन्याशी बोलले, तो म्हणाला वरचा हॉल मिळाला तर मी सभेत उभा राहून सांगतो. सांगेल, मला खात्री आहे.

आता तुझ्याकडे काम. तू तिथे बडोद्यात मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेली होतीस ना, काचेच्या फरशीचा फोटो पाठवला होतास. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावलं आणि बडोद्याच्या त्या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता, हे आपण शिकलोय. अध्यक्षांना सयाजीरावांचं फार प्रेम आहे, दरवर्षी भाषणात नाव घेतात. तर तू परत एकदा जा, मुलांचा विभाग आता कसा चालतो, जमिनीवर बसू देतात का, बिगरसभासद मूल आत येऊ शकतं का, नीट विचार आणि फोटो काढ. गुजरातीत काही पाटी असेल तर खाली मराठीत अर्थ लिही, इथे कोणाला वाचता येत नाही.

तुझं काय चाललंय? सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? पिंकीचं बारावीचं वर्ष आहे, तिला जास्त ओरडू नको. आणि तो शाळेचा जॉब घेतलास की नाही ते एका ओळीत तरी कळव, मागच्या वेळी 'बघू' म्हणालीस आणि विषयच बदललास.

सभा रविवारी दहाला आहे. फोटो शनिवार दुपारपर्यंत पाठव म्हणजे नानांच्या भाच्याकडून मोठे प्रिंट काढून घेते, त्याचं दुकान पाचला बंद होतं. आणि एक सही केलेलं पत्र पण पाठव, माजी कर्मचारी म्हणून, त्यात त्या रॅकचं माप कसं घेतलं ते लिही.

तुझी,
विभा